दोन तारखांचें राष्ट्र : सोमालीलंडच्या सरकारी सुट्या

नवें शालेय वर्ष सुरू झालें कीं आमचे विद्यार्थी कोणता कागद प्रथम वाचतात, हें आम्हांस पक्कें ठाऊक आहे. तो अभ्यासक्रमाचा तक्ता नव्हे, कीं नेमलेल्या पुस्तकांची यादीही नव्हे. तो सुट्यांचा तक्ता होय. कोणता सण रविवारीं येऊन सुटी बुडाली, कोणता शनिवारास लागून आल्यामुळें दोन दिवस पदरांत पडले, ह्याचा हिशेब गणितांत कच्चा असलेला मुलगाही बिनचूक करतो. पालकांचेंही तसेंच, गांवीं जाण्याचा बेत ह्याच कागदावरून ठरतो. परंतु ह्या तक्त्याकडे दुसऱ्याही एका दृष्टीनें पाहतां येतें, आणि त्या दृष्टीनें तो पाहावा म्हणून हा लेख आम्ही आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों.

सरकारी सुटी म्हणजे काय? सण तर घरोघरीं होतच असतात. त्यांस कोणाच्या परवानगीची गरज नसते. सरकारी सुटी म्हणजे ज्या दिवशीं कचेऱ्या, पेढ्या, न्यायालयें व शाळा हुकुमानें बंद राहतात तो दिवस. हा हुकूम काढण्याचा अधिकार राज्याचा. कर बसविणें, नाणें पाडणें, सैन्य ठेवणें हीं राज्याचीं मोठीं कामें; सुटी देणें हें त्यांतलेंच एक लहान काम. पण लहान असलें तरी तें बोलकें आहे. आपल्या लोकांनीं वर्षांतून एकदां काम थांबवून कशाची आठवण करावी, हें राज्य त्यांतून सांगत असतें. आतां असें समजा कीं एका देशांत सरकार आहे, न्यायालयें आहेत, चलन आहे, शाळा आहेत, सुट्यांचा तक्ताही आहे. पण जगाच्या वहींत त्या देशाचें नांवच नाहीं. मग त्या सुट्यांचा अर्थ काय?

स्वतःच स्वतःस राष्ट्र म्हणवून घेणारीं ठिकाणें जगांत थोडीं नाहींत, आणि त्यांतलीं कांहीं निव्वळ गमतीचीं आहेत. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यासमोर भर समुद्रांत दुसऱ्या महायुद्धांतील एक ओसाड लष्करी मचाण उभें होतें. रॉय बेट्स नांवाच्या एका निवृत्त मेजरानें तें बळकावून २ सप्टेंबर १९६७ रोजीं ‘सीलंड’ नांवाचें राज्य म्हणून जाहीर केलें. तो दिवस त्याच्या पत्नीचा वाढदिवस होता; म्हणजे राष्ट्रदिन आणि गृहिणीचा जन्मदिन एकाच मेजवानींत उरकण्याची सोय झाली! पश्चिम ऑस्ट्रेलियांत लेनर्ड कॅस्ली नांवाचा शेतकरी गव्हाच्या विक्रीवर सरकारनें घातलेल्या मर्यादेस इतका चिडला कीं २१ एप्रिल १९७० रोजीं त्यानें आपलें सारें शेत ऑस्ट्रेलियापासून अलग झाल्याचें जाहीर केलें. ‘हट रिव्हर’ हें त्याचें संस्थान पन्नास वर्षें चाललें आणि कराच्या थकबाकीखालीं २०२० सालच्या ऑगस्टांत विसर्जित झालें. ह्या गोष्टी वाचावयास मौजेच्या आहेत. परंतु आम्हांस आज जें राष्ट्र सांगावयाचें आहे त्याची कथा मौजेची नाहीं.

आफ्रिकेच्या नकाशावर पूर्वेकडे जें शिंग पुढें आलेलें दिसतें, त्याच्या उत्तर अंगास एडनचें आखात आहे. आखाताच्या त्या कांठीं एडन, ह्या कांठीं बर्बेरा बंदर. बर्बेराहून डोंगर चढून आंत गेलें कीं हर्गैसा हें शहर लागतें. हीच सोमालीलंडची राजधानी. पूर्वेस सोमालिया, दक्षिणेस इथिओपिया, पश्चिमेस जिबूती. देशाचा विस्तार सुमारें पावणेदोन लक्ष चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडा अधिक. पण मुलूख कोरडा, वस्ती विरळ, आणि लोकांचें धन म्हणजे उंट, शेळ्या व मेंढ्या. हजच्या दिवसांत ह्या मेंढ्या जहाजें भरभरून अरबस्तानांत जातात.

ह्या मुलखाचा आणि मुंबईचा संबंध आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. एडन १८३९ सालीं इंग्रजांनीं घेतलें तें मुंबई सरकारच्या द्वारें, आणि पुढें जवळजवळ शंभर वर्षें, म्हणजे १९३२ पर्यंत, तें मुंबई इलाख्याचाच भाग होतें. एडनच्या शिबंदीस मांस हवें; तें येई समोरच्या सोमाली किनाऱ्याहून. तेव्हां तो किनारा परक्यांच्या हातीं जाऊं नये म्हणून इंग्रजांनीं १८८४ पासून तेथील निरनिराळ्या कुळांशीं करार केले व त्यास आपल्या संरक्षणाखालीं घेतलें. १८९८ पर्यंत ह्या प्रदेशाचा कारभार एडनहून, म्हणजे हिंदुस्थान सरकारच्या वतीनें चाले. आपला रुपया तेथें पुष्कळ वर्षें चलनांत होता. त्याच्याही आधीं, १८५४-५५ सालीं, रिचर्ड बर्टन हा मुंबईच्या पलटणींतील अधिकारी ह्याच किनाऱ्यावरून आंत हरारपर्यंत गेला होता. हें सारें सांगण्याचें कारण एवढेंच कीं ‘कोठला कोण देश’ म्हणून वाचकांनीं पान उलटूं नये.

आतां सुट्यांच्या तक्त्याकडे वळूं. लोक सारे मुसलमान असल्यामुळें आठवड्याची सुटी शुक्रवारची. दोन्ही ईद ह्या मोठ्या सुट्या. १ मे हा मजूरदिन. आणि मग राष्ट्राच्या म्हणून ज्या खास सुट्या आहेत त्या दोन : १८ मे आणि २६ जून. १८ मे ची सुटी दुसऱ्या दिवसावरही चालते.

धार्मिक सुट्या चंद्रावर चालतात व राष्ट्रीय सुट्या सूर्यावर. मुसलमानी वर्ष सुमारें ३५४ दिवसांचें. त्यांत आपल्याप्रमाणें अधिक महिना धरीत नाहींत. त्यामुळें प्रत्येक सण इंग्रजी तारखेनें वर्षास दहा-अकरा दिवस मागें सरकतो, आणि कांहीं वर्षांनीं स्थिर तारखेस येऊन भिडतो. २०१७ सालीं रमजानची ईद २६ जूनला अगदीं खेटून आली. त्याच्या पुढल्या वर्षीं १८ मे हा रमजानच्या अगदीं पहिल्या दिवसांत आला. तेव्हां राष्ट्राचा सण आहे म्हणून दिवसा सरबत वाटण्याची सोय राहिली नाहीं. ह्यांखेरीज सोमाली धनगरांचें स्वतःचें एक सौर वर्षही आहे. त्याच्या आरंभीं उन्हाळ्यांत आगटी पेटवून ती ओलांडण्याची जुनी चाल आहे. तिला ‘दबशिद’ म्हणतात, आणि ‘नैरोश’ असेंही म्हणतात. आमच्या पारशी बांधवांचा नवरोज ज्यांस ठाऊक आहे, त्यांस हा शब्द कोठून आला असेल तें सांगावयास नको.

असो. मुख्य प्रश्न हा कीं एका राष्ट्रास दोन जन्मतिथि कशा?

पहिली तिथि २६ जून. १९६० सालीं ह्या दिवशीं इंग्रजांचें निशाण खालीं उतरलें आणि ‘सोमालीलंडचें राज्य’ स्वतंत्र झालें. मोहम्मद हाजी इब्राहिम इगाल हे त्याच्या सरकारचे प्रमुख होते. इंग्लंडनें नव्या राज्याशीं रीतसर करार केले. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनीं अभिनंदनाचा संदेश पाठविला. हें राज्य किती दिवस टिकलें? अवघे पांच दिवस. आणि तें कोणी मोडलें नाहीं. लोकांनीं आपखुशीनें सोडलें. दक्षिणेस इटलीच्या देखरेखीखालील सोमाली प्रदेश १ जुलै रोजीं स्वतंत्र होणार होता. त्याच दिवशीं दोन्ही मिळून एक सोमाली प्रजासत्ताक झालें. त्या वेळचा उत्साह विलक्षण होता. सोमाली भाषा बोलणारे लोक तेव्हां पांच ठिकाणीं विभागलेले होते : इंग्रजांच्या मुलखांत, इटलीच्या मुलखांत, फ्रेंचांच्या जिबूतींत, इथिओपियांत आणि केनियाच्या उत्तरेस. निळ्या ध्वजावरील पांढऱ्या ताऱ्याचीं पांच टोकें म्हणजे हेच पांच भाग. त्यांतले दोन एकत्र आले, आतां उरलेले तिन्ही येतील, असें लोकांस वाटत होतें.

लग्न मात्र घाईंत झालें. उत्तरेच्या विधिमंडळानें ऐक्याचा एक मसुदा मंजूर केला, दक्षिणेच्या मंडळानें दुसराच. दोहोंचा मेळ बसून एकच कायदा होण्यास पुढील वर्ष उजाडलें. राजधानी दक्षिणेंत मोगादिशूस, राष्ट्राध्यक्ष दक्षिणेचे, पंतप्रधान दक्षिणेचे. एका भागांत इंग्रजी कायदा व इंग्रजी दप्तर, दुसऱ्यांत इटालियन. हर्गैसाच्या माणसास लहानसहान कामासाठीं शेंकडों कोस दूर जावें लागूं लागलें. जून १९६१ मध्यें नव्या राज्यघटनेवर सार्वमत झालें, तेव्हां उत्तरेंत पुष्कळांनीं मतदानाकडे पाठ फिरविली, आणि ज्यांनीं मतें दिलीं त्यांतल्याही निम्म्याहून अधिकांनीं विरुद्ध दिलीं. एवढी मोठी हौस एका वर्षांत आटली, ही गोष्ट आमच्या मतें ह्या साऱ्या इतिहासांत सर्वांत अधिक विचार करण्याजोगी आहे.

दुसरी तिथि १८ मे. तिची कथा दुःखाची आहे. २१ ऑक्टोबर १९६९ रोजीं सेनापति सियाद बारे ह्यानें सत्ता बळकावली. (त्याच्या राज्यांत २१ ऑक्टोबर ही मोठी राष्ट्रीय सुटी होती. राज्य गेलें, तशी ती सुटीही गेली.) १९७७-७८ सालीं त्यानें इथिओपियांतील सोमाली मुलूख जिंकण्यासाठीं युद्ध केलें व तें हरला. पुढें उत्तरेंतील इसाक कुळाच्या लोकांवर सरकारचा संशय व जुलूम वाढत गेला. तेव्हां १९८१ सालीं लंडनमध्यें ‘सोमाली राष्ट्रीय चळवळ’ ही संघटना निघाली आणि तिचे सैनिक इथिओपियाच्या हद्दींतून लढूं लागले. १९८८ च्या वसंतांत इथिओपिया व सियाद बारे ह्यांचा तह झाला. संघटनेचा आश्रय तुटणार असें दिसतांच तिच्या सैनिकांनीं मे महिन्याच्या अखेरीस आधीं बुराओवर आणि मग ३१ तारखेस हर्गैसावर चढाई केली.

त्यावर सरकारनें जें केलें तें लिहितांना हात अडखळतो. हर्गैसाच्या विमानतळावरून विमानें उडत आणि त्याच हर्गैसा शहरावर बाँब टाकून परत तेथेंच उतरत. आपल्याच देशाच्या विमानांनीं आपलेंच शहर, आपल्याच धांवपट्टीवरून उडून, जमीनदोस्त करावें, असें उदाहरण आम्हांस दुसरें आठवत नाहीं. घरांचीं छपरें, दारें, खिडक्या लुटून नेल्या, विहिरी नासविल्या, रस्त्यांवर व शेतांवर सुरुंग पेरले. मृतांचे अंदाज निरनिराळे आहेत. ५०,००० हा आंकडा वारंवार दिला जातो. लक्षावधि माणसें पायीं वाळवंट ओलांडून इथिओपियाच्या छावण्यांत गेलीं. पुढें १९९७ सालच्या मोठ्या पावसांत हर्गैसाजवळची माती वाहून गेली, तेव्हां एकत्र पुरलेल्या माणसांचे सांगाडे उघडे पडले.

जानेवारी १९९१ मध्यें सियाद बारे मोगादिशूहून पळाला. दक्षिणेंत त्याच्या मागें निरनिराळ्या टोळ्या आपसांत लढूं लागल्या. उत्तरेंत मात्र सर्व कुळांचे वडीलधारे बुराओ येथें जमले. ज्या कुळांनीं युद्धांत सरकारची बाजू घेतली होती, त्यांचेही वडील त्यांत होते. सोमाली लोकांत वृक्षाखालीं बसून, दिवसच्या दिवस बोलून वाद मिटविण्याची रीत फार जुनी आहे. संघटनेचे कांहीं पुढारी एकदम वेगळें होण्यास कचरत होते. परंतु बाहेर जमलेल्या लोकांचा आग्रह अनावर होता. शेवटीं १८ मे १९९१ रोजीं जाहीर झालें कीं उत्तरेचा प्रदेश १९६० च्या ऐक्यांतून बाहेर पडून आपलें सार्वभौमत्व परत घेत आहे.

‘परत घेत आहे’ ह्या शब्दांवर आमच्या विद्यार्थ्यांनीं क्षणभर थांबावें. १८ मे ला सोमालीलंडचे लोक ‘स्वातंत्र्यदिन’ म्हणत नाहींत. स्वातंत्र्यदिन २६ जून हाच. १८ मे हा ‘सार्वभौमत्व पुनः प्राप्त झाल्याचा दिवस’ होय. हा नुसता शब्दांचा खेळ नाहीं. आफ्रिकेंतील राष्ट्रांनीं १९६४ सालीं कैरो येथें असा ठराव केला कीं, स्वातंत्र्याच्या वेळीं ज्या सरहद्दी होत्या त्याच सर्वांनीं पाळाव्या. हेतु चांगला होता. परक्यांनीं आंखलेल्या रेषा कितीही वांकड्या असल्या तरी त्या पुसावयास लागलें तर सारें खंड पेटेल, ही भीति खरीच होती. ह्या ठरावाकडे बोट दाखवून सोमालिया म्हणतो, आमची सरहद्द मोडूं नका. त्याच ठरावाकडे बोट दाखवून सोमालीलंड म्हणतें, आमचीही स्वातंत्र्याच्या वेळची सरहद्द पाळा. ती २६ जून १९६० ची आहे, आणि तेव्हां आम्ही एकटे होतों. दोन राज्यें मिळून पुन्हां वेगळीं झाल्याचीं उदाहरणें त्यांच्याजवळ तयार आहेत : सिरिया १९५८ सालीं मिसराशीं एक झाला व १९६१ सालीं सुटला, सेनेगाल व गांबिया ह्यांचा संघ १९८९ सालीं मोडला. आफ्रिकी संघानें २००५ सालीं एक मंडळ पाठवून चौकशी केली; हें प्रकरण इतरांसारखें नाहीं, असें त्या मंडळासही वाटलें. पण निर्णय कोणी दिला नाहीं. शेजाऱ्यांस भय हें कीं, एकास दिलें तर उद्यां आपल्या घरांतलाही कोणी मागेल.

म्हणून ह्या राष्ट्रास दोन्ही तारखा लागतात. २६ जून हा जणूं घराचा दस्तऐवज आणि १८ मे हा त्या घरांत पुन्हां पाऊल टाकल्याचा दिवस. केवळ १८ मे असता तर जग म्हणालें असतें, हे फुटून निघालेले बंडखोर. केवळ २६ जून असता तर तो पांच दिवसांच्या एका विसरलेल्या राज्याचा वाढदिवस ठरला असता. गंमत अशी कीं २६ जूनची सुटी सोमालियांतही पाळतात! तेथें तिचा अर्थ निराळा : १ जुलैच्या ऐक्याकडे टाकलेलें पहिलें पाऊल. एकच तारीख, एकच घटना, आणि दोन राजधान्यांत दोन अर्थ.

उत्सवाचा खरा भर मात्र १८ मे वर असतो. हर्गैसाच्या मुख्य रस्त्यावर राष्ट्राध्यक्षांसमोर सैन्य, पोलीस व शाळांतील मुलें संचलन करितात. हिरवा, पांढरा, तांबडा असे तीन पट्टे, हिरव्यावर पांढऱ्या अक्षरांत कलमा आणि मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर काळा तारा असा हा ध्वज १९९६ सालीं ठरला. काळा तारा म्हणजे साऱ्या सोमालींना एका छत्राखालीं आणण्याच्या मावळलेल्या स्वप्नाची खूण, असा त्याचा अर्थ सांगतात. स्वप्न मावळल्याची खूण ध्वजावर लावणारें दुसरें राष्ट्र आमच्या तरी ऐकण्यांत नाहीं. शहराच्या मधोमध एका चौथऱ्यावर जुनें मिग जातीचें लढाऊ विमान उभें केलेलें आहे. १९८८ मध्यें शहरावर बाँब टाकणाऱ्यांपैकीं तें एक, पाडलेलें. चौथऱ्यावर त्या दिवसांचीं चित्रें रंगविलेलीं आहेत. मुलें त्याच्याभोवतीं खेळतात. परदेशांतही, लंडनमध्यें किंवा कार्डिफच्या गोदीशेजारच्या वस्तींत, जेथें बर्बेराकडचे खलाशी पिढ्यान् पिढ्या राहत आले आहेत, त्या दिवशीं हे ध्वज बाहेर निघतात.

परंतु एक बाजू सांगून थांबणें न्यायाचें होणार नाहीं. ज्या सरहद्दी सोमालीलंड आपल्या म्हणतें, त्यांच्या आंतल्या सर्वांनाच ही सुटी आपली वाटत नाहीं. पूर्वेकडे लास अनोद ह्या शहराच्या आसपास धुलबहांते कुळाची वस्ती आहे. बुराओच्या परिषदेस त्यांचे वडील होते हें खरें. पण तेथील पुष्कळ लोक म्हणतात कीं आम्ही मनानें ऐक्य सोडलेंच नाहीं, आम्हांस मोगादिशूशींच राहावयाचें आहे. फेब्रुवारी २०२३ मध्यें तेथें लढाई पेटली, शहरावर तोफांचे गोळे पडले, हजारों कुटुंबें घर सोडून गेलीं, आणि त्या ऑगस्टांत सोमालीलंडच्या सैन्यास तेथून हटावें लागलें. तेथें आतां निळा ध्वज व पांढरा ताराच दिसतो. ज्यांनीं स्वतः तोफा-विमानांचा मार खाल्ला, त्यांच्याच राज्याच्या तोफा दुसऱ्या एका शहरावर चालल्या; ह्याचें उत्तर हर्गैसाच्या पुढाऱ्यांस सहज देतां येणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.

आणि तरीही ह्या राज्यानें जें उभें केलें आहे तें थोडें नाहीं. १९९३ सालीं बोरामा येथें वडीलधाऱ्यांची दुसरी मोठी परिषद महिनोन् महिने चालली. पुढें हत्यारबंद टोळ्यांनीं शस्त्रें खालीं ठेविलीं व १९९४ मध्यें स्वतःचें चलन निघालें. ३१ मे २००१ रोजीं, म्हणजे हर्गैसावरच्या चढाईच्या तेराव्या वर्षदिनीं, राज्यघटनेवर सार्वमत झालें. तिच्या पहिल्याच कलमांत स्वतंत्र सार्वभौम राष्ट्राची घोषणा आहे, आणि सुमारें ९७ टक्के मतें तिच्या बाजूनें पडलीं. २००३ च्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकींत पहिल्या मोजणींत अवघ्या ८० मतांचा फरक निघाला. हरलेला पक्ष शस्त्रें उचलील अशी भीति होती. त्यानें न्यायालयाचा रस्ता धरला आणि निकाल शेवटीं मानला.

मान्यता नसण्याचा त्रास काय असतो, हें घरबसल्या आपल्याला समजणें कठीण. त्या राज्याचें पारपत्र बहुतेक ठिकाणीं चालत नाहीं. जागतिक पेढ्यांकडून राज्याच्या नांवानें कर्ज मिळत नाहीं. ऑलिंपिक सामन्यांत त्याचा ध्वज लावतां येत नाहीं. घोषणेनंतर तीस वर्षांहून अधिक काळ संयुक्त राष्ट्रांच्या एकाही सभासदानें त्यास राष्ट्र म्हणून मानलें नव्हतें. २०२० सालीं तैवाननें, जें स्वतः अशाच अडचणींत आहे, त्याच्याशीं प्रतिनिधींची देवाणघेवाण केली. आणि २६ डिसेंबर २०२५ रोजीं इस्राएलनें त्यास मान्यता दिल्याचें जाहीर केलें. सोमालियानें ह्याचा तीव्र निषेध केला, आफ्रिकी संघानेंही विरोध दर्शविला. हर्गैसांत मात्र लोक ध्वज घेऊन रस्त्यांवर आले, जरी तो दिवस सुट्यांच्या तक्त्यांत नव्हता.

मागें आम्हीं इगाल ह्यांचें नांव घेतलें. त्यांच्याविषयीं आणखी थोडें सांगितल्यावांचून ह्या दोन तारखांची गोष्ट पुरी होत नाहीं. २६ जून १९६० रोजीं जे पांच दिवसांच्या राज्याचे प्रमुख होते, तेच पांचव्या दिवशीं आपलें राज्य मोगादिशूच्या हवालीं करण्यांत पुढें होते. १९६७ सालीं ते साऱ्या सोमालियाचे पंतप्रधान झाले. १९६९ मध्यें सियाद बारेनें सत्ता घेतांच त्यांस तुरुंगांत घातलें. सुटले, पुन्हां घातलें. अशीं त्यांचीं बरींच वर्षें बंदिवासांत गेलीं. १९९३ सालीं बोरामाच्या परिषदेनें त्यांस सोमालीलंडचे राष्ट्राध्यक्ष निवडलें, आणि जें राज्य त्यांनीं तेहतीस वर्षांपूर्वीं सोडलें होतें, तें पुन्हां उभें करण्याचें काम त्यांच्या वांट्यास आलें. ३ मे २००२ रोजीं दक्षिण आफ्रिकेंत प्रिटोरिया येथें त्यांस मृत्यु आला. त्याच दिवशीं उपाध्यक्षांनीं घटनेप्रमाणें शपथ घेतली. कोठें गोळी सुटली नाहीं. प्रेत विमानानें मायदेशीं आणून बर्बेरास पुरलें. त्या वर्षीं १८ मे त्यानंतर पंधराव्या दिवशीं आला.